विहिरीतला चार आणे हिस्सा

शेतातल्या पाण्याचा वाद निघाला की दोन पक्ष ठरलेले असतात. पहिला म्हणतो, जमीन माझी, विहीर माझ्या पैशाने खोदली, तिच्यातून किती उपसायचे हे सांगणारे सरकार कोण? दुसरा म्हणतो, पाणी निसर्गाचे, म्हणजे सर्वांचे, म्हणजे सरकारचे. शेतकऱ्याला आवर घातला नाही तर पाताळ कोरडे पडेल. वर्धा जिल्ह्यात दोन्ही पक्षांना घरचीच पुण्याई लाभली आहे. पहिल्याच्या मागे शेतकरी संघटनेचा वारसा उभा राहतो, दुसऱ्याच्या मागे सेवाग्राम आणि पवनार. दोघेही मात्र एक गोष्ट न तपासता धरून चालतात. शेतकऱ्याकडे आज भूजलाची मालकी आहे, आणि प्रश्न ती ठेवायची की काढून घ्यायची एवढाच आहे, असे दोघांनाही वाटते.

माझे म्हणणे असे की ती मालकी मुळात नाहीच. आहे ती उपशाची मोकळीक. मालकीची वस्तू दुसऱ्याने नेली तर दाद मागता येते. मोकळीक असलेल्याची वस्तू दुसऱ्याने नेली तर त्याला आणखी खोल खोदण्यापलीकडे काही करता येत नाही. तेव्हा प्रत्येकाचा हिस्सा ठरवून देणारे नियमन हा मालकीवरचा घाला नव्हे, ती मालकीची पहिली नोंद ठरेल. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सध्याचे सरकारी नियमन हिस्सा ठरवत नाही, ते फक्त मनाई करते. म्हणून शेतकऱ्याचा त्याच्यावरचा अविश्वास रास्त आहे.

१. एका दृष्टान्तावर उभा असलेला हक्क

‘माझ्या जमिनीखालचे पाणी माझे’ हे म्हणणे कुठून आले ते आधी पाहू. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या ७ व्या कलमाखाली काही दृष्टान्त दिले आहेत. त्यांतला एक सांगतो की जमिनीखालचे पाणी ठरलेल्या प्रवाहातून वाहत नसेल तर ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. दीडशे वर्षांचा समज एवढ्या एका वाक्यावर उभा आहे, आणि तेही कलमाचे नव्हे, दृष्टान्ताचे. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झालेला वर्धा जिल्हा मध्य प्रांतात होता, म्हणून हा कायदा येथे पहिल्या दिवसापासून लागू झाला. मुंबई इलाख्यात तो १८९१ मध्ये पोहोचला.

दृष्टान्ताचे मूळ इंग्लंडमधल्या निवाड्यांत आहे. १८४३ च्या खटल्यात लँकेशायरमधल्या एका सूतगिरणीवाल्याची विहीर शेजारच्या कोळसा खाणीने आटवली. (हिंगणघाटच्या कापसाची ख्याती पुढे ज्या मुलखातल्या गिरण्यांपर्यंत गेली, तोच हा मुलूख.) न्यायालयाने गिरणीवाल्याला दाद दिली नाही. १८५९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच वाटेने निर्णय दिला. न्यायाधीशांचा तर्क असा होता की जमिनीखाली पाणी कुठून कुठे जाते हे कोणालाच कळत नाही, तेव्हा त्यावर शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे हक्क ठरवायचे कसे?

येथे एक बारकावा हमखास सुटतो. १८४३ मध्ये हरलेला माणूसही जमीनमालकच होता. विहीर त्याची, जमीन त्याची, पाणी आधीपासून तो वापरत होता. तरी तो हरला, कारण हा नियम जमीनमालकाला संरक्षण देत नाही. तो नंतर येणाऱ्याला आणि जास्त खोल जाणाऱ्याला संरक्षण देतो. आपल्या भाषेत सांगायचे तर धुऱ्यापलीकडच्या शेतकऱ्याने बोअर मारला आणि तुमची विहीर आटली, तर या ‘मालकी हक्का’ने तुम्हाला काहीही मिळत नाही. त्यानेही आपल्याच हद्दीत पाणी गोळा केले, एवढेच त्याचे उत्तर असते आणि कायद्याला ते पुरते.

ज्या अज्ञानावर न्यायाधीश विसंबले ते अज्ञानही आता उरलेले नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पन्नासहून अधिक वर्षे काम करते आहे, राज्याची दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभागणी झाली आहे, निरीक्षण विहिरींच्या नोंदी वर्षातून अनेकदा होतात. कोणत्या पाणलोटात किती पाणी मुरते आणि किती उपसले जाते याचा अंदाज सरकारदरबारी आहे. नियम मात्र अजून १८४३ च्या अंधारातलाच आहे.

२. दोन पाळ्यांचे गणित

आता कायदा बाजूला ठेवून साधा हिशेब करू. वर्धा जिल्ह्यात सरासरी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरा. १,००० हेक्टर शिवाराच्या गावावर तो पडला तर ते पाणी १ कोटी घनमीटर झाले. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. या खडकात पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या थरात, मुरमात आणि भेगांत; कातळात जवळपास काहीच नाही. पडलेल्या पावसापैकी १० टक्के मुरले असे उदार मनाने धरले तर १० लाख घनमीटर हाती लागतात. हेक्टरी १,००० घनमीटर, म्हणजे शेतावर १० सेंटीमीटर उंचीचे पाणी. ५ सेंटीमीटरची एक पाळी धरली तर सगळ्या गावाच्या वाट्याला हेक्टरी दोन पाळ्या येतात. यातून पिण्याचे पाणी, गुराढोरांचे पाणी आणि नाल्याला आपसूक पाझरणारे पाणी अजून वजा करायचे आहे.

दोन पाळ्यांत हरभरा होतो. कपाशीला बोंडे भरताना आधार मिळतो. संत्र्याचा आंबिया बहार दोन पाळ्यांत निभत नाही, केळी तर नाहीच नाही. एके काळी सेलूची केळी दूरवर जायची आणि कारंजा-आष्टीकडे संत्र्याच्या बागा आजही उभ्या आहेत. त्या निर्माण झाल्या, कारण गावातल्या बाकीच्यांनी आपल्या दोन पाळ्या उचलल्या नाहीत. त्यांच्याकडे विहीर नव्हती, मोटर नव्हती किंवा कर्ज मिळाले नाही.

हा हक्क कसा आहे ते येथे उघड होते. एखाद्याच्या मालकीची जमीन शेजाऱ्यानेही आपली जमीन पूर्ण वापरली म्हणून कमी होत नाही. पाण्याचा हा हक्क मात्र शेजाऱ्याने तोच हक्क वापरला की विरतो. गावातल्या प्रत्येक खातेदाराने १८८२ चा दृष्टान्त मनापासून अमलात आणला तर कोणाकडेच काही उरणार नाही. शेजाऱ्याच्या गरिबीवर टिकून असलेल्या हक्काला मालमत्ता म्हणणे मला पटत नाही. आणि शेजारी कायम गरीब राहत नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यात वर्धा होता. धडक सिंचन विहिरी आल्या, रोजगार हमीतल्या विहिरी आल्या, आता सौरपंप आले. ज्यांच्याकडे पाणी नव्हते त्यांना ते मिळावे, हे न्याय्यच होते. पण यातली प्रत्येक नवी विहीर जुन्या विहिरीच्या ‘मालकी’तून काहीतरी काढून घेत होती, आणि हे कोणी कोणाला सांगितले नाही.

पुढचे चित्र पाहायला नदी ओलांडली की पुरे. वर्धा नदीपलीकडचा वरुड-मोर्शीचा पट्टा आणि वरच्या अंगाचे नरखेड-काटोल येथे संत्र्यापायी उपसा इतका झाला की विहिरी सोडून बोअर, बोअर आटला की दुसरा बोअर, असा प्रवास झाला. तिथल्या बागाईतदाराच्या हक्कावर कोणत्याही सरकारने गदा आणली नव्हती. त्याचा हक्क शाबूत राहिला, पाणी गेले.

३. वाटणीपत्रात पाणी कसे लिहितात

गावाला हे सगळे नवीन नाही. बापाची आठ एकर जमीन चार भावांत वाटली जाते, तेव्हा जमिनीचे तुकडे पडतात, विहिरीचे पाडता येत नाहीत. मग वाटणीपत्रात लिहिले जाते: विहीर सामाईक, प्रत्येकाचा चार आणे हिस्सा. पाण्याची पाळी ठरते. अमुक वार थोरल्याचा, अमुक धाकट्याचा. सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त त्याची नोंद होते. रात्रीची लाईन ज्याच्या वाट्याला आली त्याची कुरकुर होते, कधी कोर्टकचेरीही होते. पण चार आणेवाल्याने परस्पर दुसरी मोटर टाकावी किंवा आडवे बोअर मारून पाणी आपल्याकडे ओढावे, हे त्याचा ‘मालकी हक्क’ आहे असे कोणी म्हणत नाही. भाऊबंदकीत त्याला चोरीच म्हणतात.

याचा अर्थ एवढाच की एका विहिरीपुरता विचार केला तर शेतकऱ्याला पाण्याची मालकी कशी असते हे नेमके ठाऊक आहे. ती हिश्शाची असते, पाळीची असते आणि दुसऱ्याच्या पाळीपाशी थांबते. हिस्सा विकता येतो, गहाण टाकता येतो, वारसाला जातो, आणि तो कोणी मोडला तर दिवाणी दावा लावता येतो. मालमत्तेची सगळी लक्षणे त्यात आहेत. वरच्या मोकळिकीत यातले एकही नाही.

भूशास्त्राच्या नजरेने पाहिले तर शिवारातल्या शंभर विहिरी या एकाच विहिरीची शंभर तोंडे आहेत. मधला खडक दिसत नाही म्हणून त्या वेगळ्या वाटतात. चार भावांना लावलेला नियम शंभर खातेदारांना लावणे अवघड आहे हे कबूल. पण तो परका किंवा समाजवादी ठरत नाही.

विदर्भाच्या महसुली परंपरेत तर यासाठी जागाही आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत केवळ विदर्भाला लागू असलेले एक प्रकरण आहे. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही मध्य प्रांतापासूनची जुनी दफ्तरे त्यात पुढे चालू ठेवली आहेत. वाजिब-उल-अर्जात गावागावातल्या सिंचनाच्या, वाटेच्या आणि मासेमारीच्या रूढी नोंदवायच्या असतात, आणि त्याही सरकारच्या ताब्यात नसलेल्या जमिनी आणि पाण्याबद्दलच्या. म्हणजे खासगी जमिनीवरच्या पाण्यात इतरांचे हक्क असू शकतात आणि त्यांची नोंद कलेक्टरने करायची असते, ही कल्पना येथल्या कायद्यात जुनीच आहे. ते दफ्तर आज धूळ खात पडले आहे, हा भाग निराळा.

४. सरकार विश्वस्त आहे का?

दुसऱ्या पक्षाकडे वळू. ‘पाणी सर्वांचे, सरकार त्याचे विश्वस्त’ हे वाक्य ऐकायला निर्मळ आहे. १९९६ मध्ये कमलनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व भारतीय कायद्यात आणले. २००४ च्या केसोराम निकालातल्या अल्पमतात खोल भूजलालाही ते लावले गेले: जमीनधारकाला वापराचा हक्क आहे, पण इतरांच्या हक्काला बाधा येईल असे काही करता येणार नाही, अशा आशयाचे मत तिथे आहे. (शिवाय तो मूळ खटला कर आकारणीचा होता, म्हणून या मताचे वजन किती यावर वकील वाद घालतात.) सेवाग्रामच्या जिल्ह्यात विश्वस्त ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. गांधींच्या कल्पनेतला विश्वस्त मात्र आधी स्वतःवर बंधन घालून घेतो.

या कसोटीवर आपले सरकार कुठे बसते ते नदीच्या पाण्यावरून पाहावे, कारण नदीच्या पाण्यावर सरकारची मालकी निर्विवाद आहे. महसूल संहितेचे २० वे कलम नद्या, नाले, तलाव आणि साचलेले-वाहते पाणी शासनाचे ठरवते. ऊर्ध्व वर्धा धरण मोर्शीजवळ सिंभोऱ्याला बांधले. त्याच्या बुडिताची किंमत वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यानेही मोजली. धरण सिंचनाचे म्हणून झाले. पुढे त्यातले मोठे पाणी अमरावतीजवळच्या नांदगावपेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला देण्याचा निर्णय मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीने घेतला. निम्न वर्धा धरणाचे पाणीही अशाच प्रकल्पासाठी मुक्रर झाले होते. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि त्यानंतर शेती असा क्रम होता, म्हणजे धोरणही समितीच्याच बाजूचे होते.

खरी गोम पुढे आहे. पाणीवाटपाचे काम २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे दिले होते. समितीने त्याला वळसा घातला म्हणून लोक नागपूर खंडपीठात गेले. तेव्हा २०११ मध्ये विधिमंडळाने कायदाच दुरुस्त केला आणि समितीच्या जुन्या निर्णयांना मागल्या तारखेने संरक्षण दिले. हकदारी ठरवण्याचे बंधनही त्याच दुरुस्तीने सैल केले. त्याच वर्षी शेतीचा क्रम उद्योगाच्या वर आणला खरा, पण दिले गेलेले पाणी देऊन झाले होते.

विश्वस्ताने ठेव दुसऱ्याला द्यावी आणि जाब विचारला जाऊ नये म्हणून कायदा बदलावा, हे घडलेले आहे. तेव्हा ‘भूजलही सरकारचे’ असे म्हटल्यावर शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर सिंभोरा उभे राहिले तर त्याला अडाणी म्हणू नये. त्याचे अनुमान अनुभवावर बेतलेले आहे. पण कालव्यावरच्या शेतकऱ्यांच्या हातून पाणी का गेले? सरकारकडे नियंत्रण होते म्हणून गेले, हे अर्धे उत्तर झाले. लाभक्षेत्रातल्या त्या शेतकऱ्याच्या नावावर अमुक इतके पाणी अशी नोंदच नव्हती, हे उरलेले अर्धे. लाभक्षेत्रातली जमीन घ्यायची म्हटली असती तर भूसंपादन, नोटीस, मोबदला, न्यायालय हे सगळे आले असते. पाणी घ्यायला समितीची एक बैठक पुरली. विहिरीवाल्याचे शेजाऱ्यापुढे जे होते तेच कालव्यावाल्याचे सरकारपुढे झाले.

५. मनाईचा कायदा

राज्यात भूजलावर पहिला नेमका कायदा १९९३ चा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवानगी विहीर नको, हा त्याचा गाभा. हेतू स्वच्छ होता आणि मोजायला सोपा. त्यानंतर २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) कायदा आला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१४ मध्ये अमलात आला. त्यात अधिसूचित क्षेत्रे आहेत, विहिरींची नोंदणी आहे, ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, बोअरच्या गाड्यांची नोंदणी आहे, पाणलोट समित्या आणि पीक आराखडा आहे. २०१८ च्या जुलैत नियमांचा मसुदा निघाला, हरकती मागवल्या गेल्या आणि गावोगाव एकच बातमी पोहोचली: आता विहिरीवर कर बसणार.

हा कायदा वाईट माणसांनी केलेला नाही. त्यातली पाणलोटाची चौकट बरोबर आहे. पण तो सगळा वाचून काढला तरी एका प्रश्नाचे उत्तर सापडत नाही: माझ्या गट नंबरावर, या वर्षी, माझे पाणी किती? काय करू नये हे लिहिले आहे, काय माझे आहे हे लिहिलेले नाही. अशा कायद्यात नियम पाळणाऱ्याला पाळल्याबद्दल काहीच मिळत नाही. मी खोल गेलो नाही आणि शेजारी रातोरात गेला, तर मी तक्रार करायची, अधिकाऱ्याने यायचे, पंचनामा करायचा, आणि तोवर त्याची बाग जगलेली असते.

शिवाय हेच सरकार दुसऱ्या हाताने उलटे करते. जुलै २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत झाली. ‘मागेल त्याला विहीर’, ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. शेतकऱ्याला वीज फुकट मिळू नये असे मी म्हणत नाही. त्याच्या मालाच्या भावात सरकारने वर्षानुवर्षे जे केले त्यापुढे ते बिल किरकोळ आहे. पण उपशाचा खर्च शून्यावर आल्यावर एकमेव लगाम म्हणून मनाईचे कलम उरते, आणि ते कलम एकट्याने हे ओझे पेलू शकत नाही. अनुदानाच्या विहिरीसाठी दोन विहिरींत १५० मीटर अंतराची अट होती. ती कोणाला बांधत होती? अनुदान मागायला आलेल्याला. स्वतःच्या पैशाने तीनशे फूट खाली जाणाऱ्याला कोणी फितीने मोजायला गेले नाही. २०२२ मध्ये अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना या अटीतून सूट मिळाली, ते ठीकच झाले. पण त्याने अन्याय कमी झाला, पाणी वाढले नाही.

६. चार आक्षेप

पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे. किसानपुत्र आंदोलन किंवा शेतकरी संघटनेच्या विचारातला माणूस म्हणेल की सीलिंग, आवश्यक वस्तू, भूसंपादन, नववे परिशिष्ट या वाटेने शेतकऱ्याची मालमत्ता आधीच पोखरली, आता पाणीही. या तक्रारीत पुष्कळ तथ्य आहे. खनिजांचा दाखलाही त्यांच्या बाजूने देता येईल. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कायद्याने काढून घेतलेली नसेल तर भूगर्भातल्या खनिजांची मालकी जमिनीबरोबर जाते. पण खनिज जागेवर राहते. तुम्ही झोपलात म्हणून तुमचा कोळसा शेजाऱ्याच्या शेतात चालत जात नाही. पाणी जाते. जे जागेवर राहत नाही त्याची मालकी हद्दीच्या दगडांनी सांभाळता येत नाही, ती हिश्शानेच सांभाळावी लागते. मालमत्तेच्या हक्काचा जो खरा पुरस्कर्ता आहे त्याने मोकळिकीचा बचाव सोडून हिश्शाची मागणी करावी, असे माझे त्याला सांगणे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, मुंबईच्याच इमारतमालकांच्या खटल्यात, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही असे बहुमताने सांगितले. त्याबरोबरच साधनाचे स्वरूप, त्याची टंचाई, समाजावर होणारा परिणाम आणि ते मोजक्या हातांत गेल्यास काय होईल, या कसोट्याही दिल्या. भूजल चारही कसोट्यांत अडकते. पुढेमागे सरकार त्यावर हात टाकणारच असेल, तर त्याआधी आपल्या नावावर काही लिहिलेले असणे शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप: वर्धा जिल्ह्यात टंचाई सगळीकडे नाही, समुद्रपूर-हिंगणघाटकडे, धाम-बोरच्या कालव्यांखाली पाण्याची ओरड फारशी नसते. मग घाई कशाला? घाई नेमकी म्हणूनच. वाटणी भांडण नसताना होते. वरुडमध्ये आज हिस्से ठरवायचे म्हटले तर प्रत्येक हिस्सा कोणाची तरी उभी बाग मोडून काढावा लागेल. अटल भूजल योजना अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांत आली ती आजार बळावल्यावर.

तिसरा: ज्याने पाणी मुरवले त्याचे काय? आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने २०१७ मध्ये पाणी फाउंडेशनचा वॉटर कप जिंकला. राज्यात पहिला क्रमांक, आणि तोही कोलाम वस्तीच्या छोट्या गावाने श्रमदानावर मिळवलेला. सेलू तालुक्यात तामसवाड्याच्या नाल्याचे काम झाले, त्याचा बोलबाला जिल्ह्याबाहेर गेला. सध्याच्या कायद्यात या श्रमाचे फळ कोणाचे? ज्याचा बोअर सर्वांत खोल त्याचे. चर खोदायला आलेल्या भूमिहीनाच्या वाट्याला टोपी आणि फोटो. हिस्सा ठरलेला असेल तर वाढलेले पाणी हिश्शाप्रमाणे वाढेल, आणि श्रमाचाही हिस्सा लिहिता येईल. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातल्या माणसांच्या प्रमाणात दिले, भूमिहीनालाही दिले आणि उसाला नाकारले. विनोबांच्या पवनारच्या जिल्ह्याने ही गोष्ट मनावर घ्यायला हवी होती. भूदानात जमीन मिळाली, तिला पाणी कुठून येणार हे कोणत्याही दानपत्रात नव्हते.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार: हे राबवणार कोण? तलाठ्याने मोटर मोजायची ठरवली तर उद्या प्रत्येक विहिरीवर हप्ता बसेल. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मीटर-निरीक्षकाची वाट मी सुचवत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आपला पहिला मोठा अभ्यास कॅलिफोर्नियातल्या भूजल खोऱ्यावर केला. तिथल्या उपसा करणाऱ्यांनी न्यायालयात जाऊन आपापसांत उपशाची मर्यादा ठरवून घेतली होती. सरकारने हुकूम काढला नव्हता, न्यायालयाने त्यांच्या तडजोडीवर शिक्का मारला. आपल्याकडे हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर नको हा नियम ग्रामसभेत केला आणि पाळला. दोन्ही ठिकाणी राखणदार शेजारीच होता. शेजारी फुकट राखण करतो, कारण तुमच्या जादा उपशाने त्याचा हिस्सा कमी होतो.

७. सुरुवात कुठे

प्रत्येक लिटर मोजण्याची गरज नाही. पावसाळा संपल्यावर निरीक्षण विहिरींच्या पातळीवरून गावाचे त्या वर्षीचे पाणी काढता येते. पाण्याचा ताळेबंद मांडायला बऱ्याच गावांनी शिकून घेतले आहे. त्यातून पिण्याचे आधी बाजूला. उरलेल्याचे हिस्से पाळ्यांत लिहायचे: या वर्षी एकरी दोन, चांगल्या वर्षी तीन, आणि कोणत्याही खात्याला ठरावीक एकरांपलीकडे हिस्सा नाही. मोजायचे ते पीक. रब्बीत कोणाच्या वावरात काय उभे आहे हे सगळ्या गावाला दिसते, त्याला यंत्र लागत नाही. ज्याला दोन पाळ्यांपेक्षा जास्तीचे पीक घ्यायचे त्याने दुसऱ्याच्या न वापरलेल्या पाळ्या विकत घ्याव्यात. कोरडवाहू शेतकऱ्याला आजवर जे फुकट गमवावे लागले त्याचे त्याला प्रथमच पैसे मिळतील. वायगावची हळद पिकवणारा तो मोबदला खुशीने देईल. भौगोलिक मानांकनाच्या मालाला तेवढे परवडते.

उभ्या संत्राबागांचा प्रश्न खरा आहे. बागाईतदाराने तेव्हाच्या कायद्यावर विसंबून कर्ज काढले, झाडे लावली. त्याला एका हंगामात दोन पाळ्यांवर आणणे हा विश्वासघात होईल. त्याला आजच्या वापराइतका हिस्सा द्यावा आणि बागेच्या उरलेल्या आयुष्यात तो दरवर्षी थोडा उतरवत न्यावा. नवी बाग मात्र विकत घेतलेल्या पाळ्यांवरच.

हे सगळे लिहायला नवा कायदा लागेलच असे नाही. २००९ च्या कायद्यातल्या पाणलोट समित्यांना पीक आराखड्याबरोबर हिस्से ठरवण्याचा स्पष्ट अधिकार द्यावा, आणि गावाने ठरवलेले हिस्से वाजिब-उल-अर्जात चढवावेत. दुरुस्ती लागेल ती सरकारला बांधणारी. एकदा नोंदलेला हिस्सा, विहिरीचा असो की कालव्याचा, जमिनीप्रमाणेच मालमत्ता समजला जाईल; तो उद्योगाकडे किंवा शहराकडे वळवायचा असेल तर नोटीस, सुनावणी आणि मोबदला लागेल; आणि मागल्या तारखेचे संरक्षण कोणत्याही समितीच्या निर्णयाला मिळणार नाही. हे कलम आधी यावे. विहिरींची नोंदणी करा म्हणून शेतकऱ्याकडे अर्ज घेऊन जायचे ते त्यानंतर.